परातीतला हलवा आणि डब्यातला बदाम

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबिजेला मी नांदेडहून लातूरला माहेरी गेले होते. फराळाची ताटे फिरून झाली होती, अनारशांची जाळी आणि चकलीचे काटे यांविषयी व्हावयाची ती चर्चा झाली होती, आणि दुपारच्या चहाला अजून अवकाश होता. इतक्यात कुरिअरवाला सोनेरी फीत बांधलेला एक चपटा डबा देऊन गेला. पुण्याहून माझ्या आतेभावाने आपल्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, पाठवलेला. उघडून पाहतो तो आत तीन खणांत चॉकलेटचा लेप दिलेले बदाम, काजू आणि शेंगदाणे! पोरांनी झडप घातली हे सांगावयास नकोच.

आत्या ऐंशीच्या पुढची. तिने एक बदाम उचलला, पण तोंडात टाकला नाही. अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये तो हलकेच फिरवला, खिडकीच्या उजेडाकडे नेला, आणि जवाहिऱ्याने खडा पारखावा तसा पारखून म्हणाली, "अगं, हा तर आपला हलवाच की! नुसता काळा केलाय. अन् काटा काही आणता आला नाही बघ त्यांना."

सगळे हसले. मीही हसले. पण परतीच्या एस.टी.त ते वाक्य माझ्या मनातून हलेना. मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्दांचा आणि त्यांच्या मुळांचा नाद असतोच. नांदेडला आल्यावर मी थोडे वाचन केले, थोडी विचारपूस केली. आणि वाचकहो, आत्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

नावांचा घोळ

आधी नावांचा घोळ निस्तरू. आमच्या लहानपणी लातूरच्या दुकानांतून काचेच्या बरणीतल्या ज्या वस्तूला आम्ही चॉकलेट म्हणत असू, तिच्यात चॉकलेटचा अंशही नसे. कागदात गुंडाळलेली साखरेची कोणतीही गोळी म्हणजे चॉकलेट! नाशिक जिल्ह्यात रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा उद्योग उभारला. पुढे तेथल्या गोळ्या महाराष्ट्रभर गेल्या, आणि 'रावळगावचं चॉकलेट' हा शब्द पोरांच्या तोंडी बसला. त्या गोळ्यांची नावे २०२४ साली एका बड्या उद्योगसमूहाकडे गेली, तेव्हा माझ्या वयाची कितीतरी माणसे हळहळली. आणि खरे चॉकलेट? त्याला आम्ही 'कॅडबरी' म्हणत असू, मग ते कोणत्या का कंपनीचे असेना.

हलव्याचेही तेच. गाजराचा तो हलवा, दुधीचा तो हलवा, आणि संक्रांतीचा पांढराशुभ्र काटेरी दाणा तोही हलवाच. मूळ शब्द अरबी, अर्थ 'गोड पदार्थ' एवढाच. पण आमची आत्या त्याची व्युत्पत्ती वेगळी सांगते : "सारखं हलवावं लागतं म्हणून हलवा." भाषाशास्त्राला हे मान्य नाही. परातीपुढे तासन् तास बसलेल्या बाईला मात्र हीच व्युत्पत्ती पटेल.

इंग्रजीतल्या 'कँडी'चे घराणे तर थेट आपल्या अंगणात येते. संस्कृतातला 'खंड', म्हणजे साखरेचा खडा, फारसीत 'कंद' झाला, अरबांच्या बोटाला धरून युरोपात गेला आणि तेथे कँडी बनला. आपल्याकडे खडीसाखर आणि खांडसरी या शब्दांत तो अजून सुखाने नांदतो आहे. उसाच्या रसापासून साखरेचे खडे करण्याची विद्या मुळात या देशातली, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा साहेबाच्या कँडीने आपल्याकडे यावे, हे लेकीने माहेरपणाला येण्यासारखेच आहे.

एकाच मुलखाची तीन भावंडे

आता डब्यातल्या मंडळींकडे वळू. कोकोचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांत कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. त्यांवर बाजारहाट होई. त्यांचे चॉकलेट म्हणजे कडू, फेसाळ पेय. त्यात मिरचीसुद्धा घालीत. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. आणि काजू ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. म्हणजे ज्या भुईमुगाला आपण पिढ्यान् पिढ्या आपला समजतो, ज्याच्या कुटाशिवाय मराठवाड्यातली एकही भाजी सजत नाही, तोही दूरदेशचा पाहुणा. एकाच भूखंडातली ही तीन भावंडे जगभर फिरून पुण्याच्या एका डब्यात पुन्हा भेटली! परके काय ते बदाममहाशय. ते इराण, मध्य आशियाकडचे.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध अंबाबाईचे देऊळ आहे. माझ्या लहानपणी त्यातल्या काही रस्त्यांवर गुळाच्या ढेपा आणि शेंगांची पोती यांचा असा काही दरवळ असे, की डोळे मिटून चालले तरी आपण कोठे आहोत हे कळावे. पुढे शिवारात सोयाबीन आले आणि शेंगा मागे पडल्या. तरी वेळ अमावस्येला शेतात भज्जी, आंबील आणि उंड्यांबरोबर दाण्याची पोळी लागतेच. शेंगदाणा आणि गूळ ही जोडी आमच्या मातीतली. तिची जत्रेतली गुडदाणी झाली, आणि लोणावळ्याच्या घाटात तिचीच चिक्की होऊन ती नावारूपाला आली. चॉकलेटच्या दाण्याला ही सारी मंडळी नात्याने चुलत लागतात. सख्खा भाऊ मात्र हलवाच, आणि तो कसा ते पाहण्यासारखे आहे.

परात फिरते ती कशी

हलवा कसा होतो? मंद शेगडीवर परात. तीत मूठभर भाजलेले तीळ, किंवा खसखस, साबुदाणा, खरबुजाच्या बिया, डाळे, शेंगदाणे. शेजारी साखरेचा एकतारी पाक, दूध घालून मळी काढलेला. त्यातला चमचाभर पाक परातीत सोडावयाचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवीत राहावयाचे. पाण्याची वाफ होते, साखर दाण्यावर बसते. दाणे सुटे झाले की पुन्हा एक चमचा. घाई केली तर गोळा होतो, आच वाढली तर साखर तांबूस पडते, हवेत दमटपणा असला तर काटा धरत नाही. म्हणूनच हे काम पौषातल्या कोरड्या थंडीत, पहाटे उठून. एक दिवस नव्हे, तीन-तीन, चार-चार दिवस. तेव्हा कोठे तिळाएवढ्या तिळावर चांदणीसारखे काटे फुटतात.

चॉकलेटचे बदाम कसे होतात? कारखान्यात तिरके ठेवलेले, पोटाला गोल असे एक मोठे भांडे असते. ते यंत्राने सारखे फिरते. भाजलेल्या बदामांना आधी डिंकाचा हात देतात, म्हणजे आतले तेल बाहेर झिरपत नाही. मग पातळ केलेले चॉकलेट थोडे थोडे सोडावयाचे. दाणे एकमेकांवर लोळतात, लेप सारखा बसतो, वरून गार हवेचा झोत येतो आणि लेप घट्ट होतो. मग पुन्हा थोडे चॉकलेट. असे थरावर थर. शेवटी चकाकी येण्यासाठी वरून झिलई देतात. कित्येक ठिकाणी ती लाखेची असते, पांडवांच्या लाक्षागृहातली तीच लाख!

फरक एवढाच की हलव्यात ऊब देऊन पाणी घालवायचे, आणि चॉकलेटात गारवा देऊन स्निग्धांश गोठवायचा. आपल्या बायका दाणे बोटांनी फिरवतात, तेथे भांडेच फिरते. बाकी चमचा तोच, धीर तोच.

आणि यंत्र तरी केव्हाचे? युरोपात साखर चढवलेले बदाम मध्ययुगापासून होतात. फ्रान्समधल्या व्हर्दं गावच्या एका औषधविक्याने १२२० साली ते प्रथम केले, अशी तेथली आख्यायिका. औषधाची पुडी घशाखाली उतरावी म्हणून साखरेत लपवायची, ही युक्ती आपल्या वैद्यांनाही ठाऊक होतीच. शतकानुशतके तिकडचे कारागीरही विस्तवावर टांगलेली परात हातानेच हलवीत. फिरते यंत्र आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. आणखी एक मौज पाहा : इटलीत लग्नाला आलेल्या पाहुण्यांना साखरेच्या लेपाचे पाच बदाम देतात. त्यांना म्हणतात 'कॉन्फेत्ती'. समारंभात उधळतात त्या रंगीत कागदाच्या टिकल्यांना हे नाव या बदामांवरूनच मिळाले. म्हणजे साखरेचा दाणा आणि मंगलकार्य ही सांगड तिकडेही होतीच.

कडू पेयाचा गोड अवतार

चॉकलेट या खेळात फार उशिरा उतरले. ते पेयच होते, आणि महाग. १८२८ साली हॉलंडातल्या व्हान हौटेन यांनी कोकोतला स्निग्धांश दाबून काढण्याचे यंत्र केले. १८४७ साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने तोच स्निग्धांश साखर आणि कोको यांत मिसळून खाण्याची पहिली वडी पाडली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडात डॅनियल पीटर यांनी तीत दूध घातले, आणि १८७९ साली रोडोल्फ लिंट यांनी ती घोटून घोटून जिभेवर विरघळेल अशी मऊ केली. बासुंदी आटवणाऱ्या आणि पुरण वाटणाऱ्या वाचकांना या शेवटच्या शोधाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

दाणे आणि चॉकलेट यांचे लग्न मात्र प्रेमापेक्षा अडचणीतून जमले. नेपोलियनच्या काळात सागरी व्यापार अडला आणि इटलीतल्या ट्यूरिनमध्ये कोको मिळेना. तेव्हा तेथल्या हलवायांनी आसपास पिकणारे हेझलनट वाटून त्यात मिसळले, असे सांगतात. गृहिणीने तुरीच्या डाळीत मुगाची मूठ घालून पाहुणे निभवावेत, तसेच हे. निभावणी इतकी जमली की १८६५ साली त्याच मिश्रणाच्या वड्या ट्यूरिनची शान ठरल्या. १९०८ साली अमेरिकेत हर्शी कंपनीने चॉकलेटच्या वडीत बदाम घातले आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडात बदाम-मधाची टोब्लेरोन निघाली. पुढे १९२५ साली अमेरिकेत चॉकलेटात घोळवलेले शेंगदाणे पुडीत आले, आणि चित्रपटगृहातल्या अंधारात ते फार खपले.

आपल्याकडे कॅडबरी कंपनी १९४८ साली आली. १९६५ पासून केरळात कोकोची लागवड सुरू झाली. सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ साली मंगळुरात निघाली आणि १९८६ साली तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला सहकाराचे हे रूप आपलेसे वाटावे.

पण ही जोडी जिभेला एवढी का रुचते? एक तर दोघांनाही भाजावे लागते. कच्च्या कोकोला चॉकलेटचा वास नसतो, जसा कच्च्या शेंगदाण्याला तो खरपूस वास नसतो. दोन्ही सुगंध आचेतून जन्मतात, म्हणून एकमेकांना ओळखतात. दुसरे, एक विरघळते आणि एक कुरकुरते. कोकोचा स्निग्धांश ३४ अंशांच्या आसपास वितळतो, आणि आपल्या तोंडाची ऊब त्याहून थोडी जास्त. म्हणून चॉकलेट जिभेवर ठेवताच शरण येते. मग आतला दाणा दातांना काम देतो.

हीच गोष्ट मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र फजितीची होते. १९९० च्या मे महिन्यात आतेभावाने पहिल्या पगारातून आईसाठी बदामाच्या चॉकलेटच्या वड्या आणल्या होत्या. पुणे ते लातूर एस.टी.चा प्रवास! पिशवीतून निघाला तो चांदीच्या कागदाला चिकटलेला तपकिरी चिखल आणि त्यातून डोकावणारे बदाम. त्याचा चेहरा अगदी उतरला. आत्याने काही न बोलता ते सारे वाटीत खरवडले, वाटी पाण्याच्या माठावर ठेवली, आणि संध्याकाळी चमच्याने आम्हां पोरांना एकेक घास दिला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पहिले खरे चॉकलेट मी खाल्ले ते असे.

दुसऱ्यांचे दागिने

आत्याला बदामाची पारख कोठून आली, हे आता सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाच्या साली तिचे यजमान गेले. पदरात चार वर्षांचा मुलगा घेऊन ती माहेरी आली. शिक्षण सातवीपर्यंत. माझे आजोबा खाऊ घालीत होते, पण कोणाच्या ताटाला भार व्हावयाचे नाही हा तिचा बाणा. तिच्या हाताला हलव्याचा काटा छान येई. पुढच्या संक्रांतीपासून तिने तो विकावयास घेतला, आणि मग हलव्याचे दागिने.

नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि वर पांढऱ्या हलव्याचे दागिने : मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट आणि बासरी. काटा न मोडता एकेक दाणा दोऱ्यात गुंफावयाचा. कार्तिकापासून आत्या कामाला लागे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके परातीच्या चटक्यांनी इतकी घट्ट झाली होती की तिला गरम तव्यावरची भाकरी उलथण्याशिवाय उलटता येई. आतेभावाची फी, पुस्तके, पुण्याचे वसतिगृह, सारे त्या परातीतून निघाले.

आता आमच्या घरात कोणी मोठ्याने न बोललेली गोष्ट. ज्या सुनांचे दागिने ती करी, त्यांच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणे नसे. दागिन्यांचा खोका ती पोचवी, पैसे पदरात बांधी, आणि दारावरूनच परत फिरे. एकदा मी तिच्याबरोबर होते. आतून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आत्या, आपण आत जाऊ की." ती म्हणाली, "आपलं काम झालं, लेकरा." मला तेव्हा काही कळले नाही. कळावयास लागले, तेव्हा विचारण्याचा धीर झाला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. येत्या संक्रांतीला दागिने कोण मागणार? आत्याने तरीही परात चढवली. नुसता पांढरा हलवा केला, त्याच्या पुड्या बांधल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "मला तिकडं घेऊन चल." पत्र्याच्या शेडमध्ये तिने स्वतःच्या हाताने लेकरांना पुड्या दिल्या, आणि मग त्यांच्या आयांनाही. कितीजणींचे कुंकू त्या एका पहाटे पुसले गेले होते. तेथे कोणी कोणाला काही विचारले नाही. वीस वर्षांत संक्रांतीच्या दिवशी आत्याने दुसऱ्या बाईच्या हातावर गोड ठेवले, ते तेथे पहिल्यांदा. घरी आल्यावर वडिलांनी एवढेच सांगितले, की येताना गाडीत ती सगळा रस्ता रडली.

पुढे काळ हळूहळू बदलला. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनाही तसे आवाहन केले. ठराव कागदावर होतो. दारे उघडायची असतात ती घराघरांतून, आपल्यासारख्यांनीच.

चॉकलेटवर नाके मुरडणारी मंडळी पुष्कळ आहेत. बोरन्हाणाच्या बोरांत आता चॉकलेटच्या गोळ्या ओततात, दिवाळीला पेढ्यांऐवजी चकचकीत डबे येतात, संस्कृती बुडाली! मलाही पूर्वी तसे वाटे. पण आतेभावाच्या डब्याकडे पाहताना मनात आले, की या बदामाच्या पाठीवर अजून कोणतीही सोवळी बसलेली नाहीत. तो कोणीही कोणाला द्यावा. आपल्या हलव्याचा दोष त्याच्या साखरेत नव्हता. तो कोणी कोणाला द्यावा, या आपल्या हिशेबात होता. आणि तो हिशेब पुसला, तर काट्याच्या हलव्यापुढे जगातले कोणतेही यंत्र हात टेकील.

म्हणून गेल्या संक्रांतीला आत्याला मी नांदेडला आणले. आमच्या या शहरात गुरुद्वाऱ्याच्या परिसरातली शीख कुटुंबे आदल्या दिवशी लोहडीला रेवड्या आणि शेंगा वाटतात, दुसऱ्या दिवशी आमचा तिळगूळ. माझ्या दहा वर्षांच्या लेकीने पणजीच्या जुन्या परातीत हलवा करण्याचा हट्ट धरला होता. आत्या शेजारी पाटावर. "आजी, बोट भाजतंय." "भाजू दे. हलवत राहा."

संध्याकाळी हळदीकुंकू. हलव्याची ताटली आणि पुण्याहून आलेले चॉकलेटचे बदाम, दोन्ही मी आत्याच्या हाती दिले आणि तिला दाराजवळच्या खुर्चीत बसवले. येणारी प्रत्येकजण तिच्या हातूनच घेणार होती. शेजारच्या एक वृद्ध बाई उंबऱ्यात क्षणभर थबकल्या. मी श्वास रोखून पाहत होते. मग त्यांनी हात पुढे केला, हलवा घेतला, आणि वाकून आत्याला नमस्कार केला.

सारे पांगल्यावर लेकीने विचारले, "आजी, माझा हलवा कसा झाला?" आत्याने एक दाणा उचलला, तसाच अंगठा आणि दोन बोटांत फिरवला, दिव्याकडे नेला. काटा जवळजवळ नव्हताच. चॉकलेटच्या बदामासारखा गुळगुळीत दाणा.

"पुढच्या वर्षी येईल काटा," आत्या म्हणाली, आणि तो दाणा तिने तोंडात टाकला.